रंगीत तालीम

सात जोड मोज्यांवर नाव शिवून झालं: एमिल थिबोडो.
आठव्या जोडाला दोरा संपला,
तो बिननावाचाच जाऊ दे.

पाकिटांवर पत्ता माझ्याच हातचा, तिकिटंही लावलेली.
"नुसतं 'बरा आहे' लिहिलंस तरी चालेल."
"आणि बरा नसलो तर?"
मी टॉर्चचे सेल बदलत राहिले.

शनिवारी अंगणात तंबू ठोकला.
बँगॉरचा जून म्हणजे डासांचं राज्य.
तो आत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी
दिवा तसाच ठेवून,
हाक आली तर ऐकू यावी म्हणून
घरघरणारा फ्रिजसुद्धा बंद करून.

हाक आली नाही.

सकाळी पायांना गवत चिकटवून आला,
वितळलेलं लोणी बघून हसला,
म्हणाला, "तुझ्या उजेडानं झोपच लागेना.
तिकडे तळ्याकाठी तरी
नीट अंधार असेल ना?"