जाड तेल

ऑस्ट्राव्याच्या ट्राम डेपोत
एकतीस वर्षं मी चाकांना वंगण घातलं.
कुठलं चाक उपाशी आहे
ते मला अजून आवाजावरून कळतं.
म्हणून व्होइतेखचा यो-यो हातात घेतला
तेव्हा आधी कान दिला.
एक बारीक शीळ, कोरडी, अंगाला काही न लावून घेणारी.

मुलगा ब्रनोला. हा निळा मागं राहिला
बुटांच्या कपाटावर, दोरीसकट.
त्याच्या हातात तो तीन-तीन मिनिटं फिरतो,
बोटांच्या पाळण्यात शिरतो, निघतो,
आणि परत बोलवायची एक रीत आहे:
दोरीची घडी खुबीनं आत सारायची, मगच तो वळतो.
माझ्या बोटांना ती रीत येत नाही.
मी हिसका देतो,
तो आपल्याच नादात गरगरत राहतो,
मग दमतो, कलंडतो,
आणि रिकामा पोहरा ओढावा
तसा मी त्याला वर ओढतो.

खालच्या मजल्यावरची बेरेनिका, वय सात,
जिन्यात उभी राहून बघत होती.
"बिघडलाय तुझा. शाळेत मारेकचा आपोआप वर येतो."
बिघडला नाही गं.
फार चांगला आहे, हीच अडचण.

वर्तमानपत्र पसरलं. दोन वाट्या पिळून सोडवल्या.
मधलं बेअरिंग, करंगळीच्या नखाएवढं.
टाचणीनं कडी उचकटली, ती टुणकन उडाली,
बेरेनिकानं पालथं पडून गालिच्यात शोधली.
झाकणाखाली आठ छर्रे,
लख्ख, पेट्रोलात न्हालेले,
कुणाचं काही देणं न लागणारे.

आमचा मुकादम हिनेक म्हणायचा,
कमी तेलानं चाक ओरडतं, जास्त तेलानं मी.
ग्रीस काडीच्या टोकावर घेतलं,
थंडीतल्या मधासारखं. तरी जास्तच झालं:
यो-यो तळाला टेकतो न टेकतो तोच वर,
अंधारात पाठवलेल्या पोरासारखा.
पुसलं. धुतलं. वाळवलं.
दुसऱ्यांदा मोहरीएवढं.
पेन्सिलीवर चढवून फिरवत राहिलो,
शीळ हळूहळू घोगरी झाली,
पहाटेच्या चार नंबरच्या गाडीसारखी,
आणि मी काडी खाली ठेवली.

खाली. थोडी झोप. हिसका.
तळव्यावर थाप.

बेरेनिका नाचली वगैरे नाही.
"आता मी," म्हणाली.
रात्री नऊपर्यंत जिन्यात थाप, थाप,
मधूनच एखादी पायरीवर आपटल्याची.
वरच्या श्टेफ्लोव्हाबाईंनी दोनदा दार उघडलं.

शनिवारी व्होइतेख आला. बूट न काढताच
यो-यो उचलला, फेकला,
अंगठ्याभोवती काहीतरी सुरेख मांडायला घेतलं,
आणि दोरी आत चावली,
तो उसळून आला थेट पेरांवर.
"बाबा! काय घातलंस यात?"
"ट्राम."

पेरं चोखत म्हणाला, धुऊन टाकू,
दहा मिनिटांचं काम.
धू की. तुझाच आहे.
फक्त आधी खाली जाऊन विचार.

गेला. बराच वेळ आला नाही.
मी बटाट्याच्या रश्शाखालचा गॅस बारीक केला.
जिन्यातून एक थाप आली, जरा चुकलेली,
मग तिचा आवाज, समजुतीचा:
"मनगट सैल सोड.
येईल तुला."