मुद्देमाल

दुकानाच्या दाराशी पिस्तूलवाला पहारेकरी.
सवयीनं माझा हात कपाळाकडे निघतो,
पाठ त्याला अर्ध्यातच खाली ओढते.
कार्ड दाखवतो. कार्डावर मी आरोपीसारखा:
समोरून, भिंतीला टेकून, दोन्ही कान दिसताहेत.
काउंटरवरचा डॅरेल म्हणतो, "कसे आहात, मिस्टर बामरी?"
भामरे, मी म्हणतो.
दर महिन्याला म्हणतो.

पिट्सबर्गला चढउतार फार.
लेकीचं घर टेकडीवर, बसथांब्यापासून बेचाळीस पायऱ्या.
थंडीत त्यांवर मीठ टाकतात.
मणके दोन ठिकाणी खिळ्यांनी जोडलेत,
तरी रात्री कमरेपासून टाचेपर्यंत
कुणीतरी ओली सुतळी ओढत नेतं,
गाठींसकट.

चौतीस वर्षं खात्यात होतो.
शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी,
तुरीच्या आड लावलेला गांजा उपटला,
तोलला, पोत्यांत भरला, लाखेचं सील मारलं.
कोर्टाच्या हुकमानं जाळताना
"वाऱ्याखाली उभे राहू नका रे" म्हणून
शिपायांवर ओरडलो.

आता तोच माल, अर्क काढलेला, माझ्या नावाच्या चिठ्ठीसह:
वजन, तारीख, क्रमांक, सीलबंद.
दोन पंच तेवढे नाहीत.

झाकण असं, की पोरांना उघडू नये.
मलाही उघडत नाही.
वृंदा उघडते, रात्री नऊला,
ड्युटीवरून आलेली, अंगातला कोट तसाच.
ड्रॉपर माझ्या हाती देते आणि दुसरीकडे बघते,
लहानपणी मी कमरेचं पिस्तूल काढून
कपाटात ठेवताना बघायची, तसं.

जिभेखाली. मिनिटभर गिळायचं नाही.
चव कापलेल्या गवताची, मागून किंचित रॉकेल.
नशा म्हणाल तर एकदाच,
पहिल्या आठवड्यात, थेंब मोजताना चुकलो तेव्हा.
फ्रिजची घरघर मला वायरलेस वाटली
आणि मी अंधारात म्हणालो, "रॉजर, ओव्हर."
वृंदा अजून ते शेजारणीला सांगते.

दुखणं जात नाही.
खुर्ची जरा लांब सरकवून बसतं, एवढंच.

आईच्या वर्षश्राद्धाला धुळ्याला चला, म्हणते वृंदा,
मग स्वतःच गप्प होते.
बाटली विमानात चढत नाही,
तिच्यावाचून सोळा तास मला बसवत नाही,
आणि घेऊन उतरलोच तर कुठलं कलम,
ते मला तोंडपाठ आहे.

दवाखान्यातल्या फॉर्मवर माणसाची बाह्याकृती होती,
पुढून एक, पाठून एक, बिनचेहऱ्याची.
दुखतं तिथे फुली मारा.
किती दुखतं, शून्य ते दहा.
कधीपासून. झोप लागते का. कुठल्या कुशीवर.
मी पेन घेऊन बसलो
आणि मला रुमाल्या पावरा आठवला.

त्याच्याकडे शेत नव्हतं. बिडीच्या डब्यात होता,
एकशे ऐंशी ग्रॅम, डब्यासह दोनशे बारा.
पत्र्याच्या डब्यावर वाघाचं चित्र, एक कोपरा चेपलेला.
हे सगळं मी लिहिलं, स्वच्छ अक्षरात,
उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला.
तो मांडीवर हात ठेवून काहीतरी सांगत होता,
त्याच्या बोलीत, एकच शब्द परत परत.
शिपाई हसला. म्हणाला, दुखतंय म्हणे साहेब याचं.
मी विचारलं नाही, कुठे.
पंचनाम्यात तो रकाना नव्हता.

तेव्हा माझं वय एकोणतीस होतं,
पाठ ताठ.

वृंदा दिवा घालवते. "किती थेंब झाले, बाबा?"
सहा, मी म्हणतो.
बाहेर मिठाची गाडी खडखडत चढते.
अर्ध्या तासानं मला डाव्या कुशीवर वळता येतं,
आणि वळल्यावर पुन्हा तेच:
जेलच्या फरशीवर त्या रात्री
तो कुठल्या कुशीवर निजला असेल.