अनोळखी प्रोसेसर

कंदमामा खडीची धूळ घेऊनच दुकानात आले.
तपकीर गल्लीतला माझा जिना अडीच फुटी,
त्यांना तो तिरकाच चढावा लागतो.
टेबलावर डबा आदळला. "सीपीयू गेला."
लोक अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात.
पूर्वी मी दुरुस्त करायचो, आता फक्त डबे करतो.

झाकण काढलं तर आत अर्धी वाघोली.
पंख्याच्या पात्यांवर खाणीचा थर,
आणि खाली प्रोसेसर,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.

"नवा घ्या," मी म्हणालो.
मग त्यांनी मला समजावलं:
वजनकाट्याचं कार्ड याच बोर्डाच्या लांब काळ्या खाचेत बसतं,
कार्ड बनवणारी हडपसरची कंपनी बंद,
तिचा मालक मुलाकडे, कॅनडात, बर्फ झाडतो.
काट्याला मात्र कसलाच रोग नाही.
डंपर आला की अजून खरं बोलतो.

तसाच जुना प्रोसेसर शंभराला मिळाला असता.
मग पुन्हा पंखा, पुन्हा धूळ,
पुन्हा मामा जिन्यात तिरके.

रविवारी जुन्या बाजारात
कुलपं, नळाच्या तोट्या आणि एकाच पायाचे बूट
यांच्यामध्ये एक लॅपटॉप पडला होता, काच फुटलेला.
कीबोर्डवर झिजलेली कळ एकच, एंटरची.
कुणीतरी वर्षानुवर्षं नुसतं हो म्हणत राहिलं असावं.
मुमताजबी म्हणाली चारशे.
मी अडीचशे.
ती माझ्याकडे न बघता म्हणाली, तीनशे.

आतून काढला तेव्हा नखाएवढं उघडं टाळकं,
खाली चारशेवर पाय, सगळे शाबूत.
"बसेल का हो?" गहिनीनाथने विचारलं.
तो पाथर्डीहून शिकायला आलाय,
त्याचा हा प्रश्न दर वेळी प्रोसेसरबद्दलच असतो असं नाही.

बसला.
पण चालला अर्ध्याच वेगाने.
लॅपटॉपमध्ये कुणी कानात सांगायचं, आता पळ, आता थांब.
या बोर्डाला ती भाषाच येत नाही.
मग मोबाइलच्या चार्जरची वायर सोलली,
त्यातली केसाएवढी तांब्याची एक तार घेतली,
वाकवून दोन भोकांत सोडायची, बाजूच्या तिसऱ्याला न शिवता.
गहिनीने न सांगता छताचा पंखा बंद केला.
खाली टेम्पोवाला कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होता.
तिसऱ्या खेपेला तार बसली.

पळाला. आणि तापला म्हणाल तर
सकाळच्या पितळी तांब्याइतका.
भिंतीतून वीज येतेय, हवी तितकी,
तरी हा बॅटरीच्या हिशेबानेच जगतो.

माझी बायको म्हसवडची.
धनकवडीत आमच्या नळाला दिवसभर पाणी असतं,
तरी पहाटे उठून आधी हंडा भरते,
तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घालते.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली.
आधी मी हसायचो.

पंखा मी मोठा लावला आणि हळू फिरवला.
हळू पंखा धूळ कमी ओढतो.
मामांनी कान लावला. "चालू आहे ना?"
"चालू आहे."
"मग आवाज?"
आवाजाचे वेगळे पैसे पडतील, मी म्हणालो.
ते हसले नाहीत. सहाशे मोजून दिले, सगळ्या नोटा पांढुरक्या.

एकच गोष्ट मला जमली नाही.
सुरू करताना बोर्ड रोज काळ्या पडद्यावर लिहितो:
अनोळखी प्रोसेसर. पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा.
खूप शोधलं, ते वाक्य कुठून पुसायचं ते सापडेना.
मामांना इंग्रजी वाचता येत नाही.
त्या कळेवर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला,
बायकोच्या बाटलीतला.

आता लोणीकंदला सकाळी सात वाजता
पहिला डंपर काट्यावर चढतो,
बोर्ड म्हणतो, मी याला ओळखत नाही.
मामा चहाचा कप डाव्या हातात घेतात
आणि उजव्या हाताने
लाल ठिपका दाबतात.