चकाकी काढून द्या

ट्रेलर उभा राहिला होता. चाकं, खिडक्या, डोक्यावर पत्रा,
आत दोन बाकं, तीही घडीची.
राहिलं होतं फक्त बाहेरच्या अंगाला बिजागरीवर लटकणारं
दीड बाय अडीचचं टेबल,
आणि त्याच्यावर काय टाकायचं यावरून
घरात तीन आठवडे अबोला.

भूपाल म्हणाले, ग्रॅनाइट. ओट्याचा तुकडा पडलाय, फुकट.
कुपवाडच्या शेडमध्ये इलाहीभाई शिकलगारांनी तो तुकडा उचलला,
बिजागरीकडे पाहिलं,
परत खाली ठेवला. बोलले काहीच नाहीत.

मी एकतीस वर्षं तासगावच्या शाळेत रसायन शिकवलं.
कुठलीही वस्तू आवडायच्या आधी
मला तिच्यावर काहीतरी सांडून बघावं लागतं.
गच्चीवर तुकडे मांडले, चिठ्ठ्या चिकटवून,
प्रत्येकावर हळद, लिंबू, गोडंतेल, चुलीवरून उतरवलेलं पातेलं.
पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फळीनं हळद घेतली ती घेतलीच.
सांगलीत राहून हळदीला नाही म्हणणारी वस्तू शोधायची,
हा तसा उद्धटपणाच.
साबण लावला तर डाग लाल झाला,
आणि रिकाम्या गच्चीवर मी मोठ्यानं म्हणाले,
आम्लारी, मुलांनो, आम्लारी.

अ‍ॅल्युमिनियमनं तळहात काळा केला.
सागवान देखणं, पण त्याला दरवर्षी तेल पाजायचं;
आमचे चार गुडघे आधीच त्या रांगेत आहेत.
सनमायकाच्या प्लायकडे मी वळलेच नाही.
महापुरानंतर आमच्या कपाटाचं दार
पापुद्रा पापुद्रा सुटलं होतं, भिजल्या वहीसारखं.
तो वास नाकाला अजून पाठ आहे.

मग स्टील.
त्याच्यावर काही चढत नाही, त्याच्यात काही मुरत नाही.
अगदी तुझ्यासारखं, भूपाल म्हणाले.
मी ऐकून घेतलं.

पण आम्ही जेवतो दिवस मावळायच्या आत.
टेबलाचा घाट त्यासाठीच घातलेला:
जिथे ऊन कलेल तिथे गाडी बाजूला घ्यायची,
कडी काढायची, डबा उघडायचा.
म्हणजे दर जेवणाला ऊन आडवं येणार,
बरोबर डोळ्यांच्या रेषेत.
पत्रा बसवून पाहिला, साडेपाचला, शेडच्या दारात.
ताट दिसेना. भूपाल भाकरी समजून
डब्याचं झाकण मोडायला लागले.

“चकाकी काढून द्या,” मी म्हणाले.

इलाहीभाई हसले.
“आमच्या पणज्यानं तलवारींना चमक दिली, आज्यानं अडकित्त्यांना.
काढा म्हणणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलं.”
मग पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळला
आणि बारीक वर्तुळं काढत सुटले, एकात एक गुंतलेली,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
ओठ कोरडे. रोजे चालू होते,
फाल्गुनातलं ऊन पत्र्याखाली साठलेलं.
मी थांबा म्हटलं, तर म्हणाले,
“बाई, हे मधेच सोडलं की डाग दिसतो.”

आधी उजेड पत्र्यावर आपटत होता.
आता तो पसरला,
दुधावर साय धरावी तसा.

आम्ही तिथेच जेवून घेतलं. भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी.
त्यांना “या” म्हणायची सोय नव्हती,
हे त्यांनाही ठाऊक, म्हणून ते हत्यारं आवरत राहिले.
मी वरणाचा थेंब सांडला. मुद्दाम.
बोटानं पुसला. गेला.

सव्वासहाला टेबल पुसून दिलं
आणि त्यांच्या धाकट्यानं, यासीननं,
त्याच जागी खजुराची वाटी मांडली,
कलिंगडाच्या फोडी, पाण्याचा तांब्या.
पुढची वीसेक मिनिटं
कुणाच्याच तोंडात काही नव्हतं.
चौघंही माधवनगरच्या अंगाला बघत उभे,
आमचा वेळ संपलेला,
त्यांचा सुरू व्हायचा.

तेवढ्यात तांब्या हलला.
बोटभर सरकला, अजून बोटभर,
अगदी कडेशी येऊन थांबला.
“डावी बिजागरी बसतेय,” मी म्हणाले.
“उद्या बघतो,” इलाहीभाई म्हणाले,
आणि बांग होईपर्यंत
तांब्या हातानं धरून राहिले.