एक्याऐंशी हप्ते

मकरपुऱ्याच्या कारखान्याने श्रीरंगला
एक शाल, एक नारळ आणि चौदा लाख साठ हजार दिले
आणि म्हटलं, आता आराम करा.
त्रेपन्नाव्या वर्षी.

शाल कपाटात गेली. नारळाची चटणी झाली.
उरले चौदा लाख साठ हजार,
आणि जेवणाच्या टेबलावर बँकेचा कागद:
बाकी अकरा लाख अडतीस हजार,
एक्याऐंशी हप्ते.

मी म्हटलं, फेडून टाकू.
तो म्हणाला, थांब,
आणि ऋजुताची जुनी वही उलटी धरून
मागच्या पानापासून गणित मांडायला बसला.
साडेआठ टक्के जातात, बारा येतील,
करात सूट मिळते ती वेगळीच,
आणि महागाई आपल्या बाजूने आहे.
महागाई आपल्या बाजूने! बावीस वर्षांच्या संसारात
हे मी पहिल्यांदा ऐकलं.
सात वर्षांनंतरचे अठरा हजार
म्हणजे आजचे बारा, बघ तूच.
मी बघितलं. शाळेत मी फीच्या पावत्या फाडते,
बेरीज मला कळते.
बेरीज बरोबर होती.

पण बारा टक्के कोणी दारात आणून देत नाही,
आणि हप्ता पाच तारखेला सकाळी सहाला
न चुकता कापला जातो,
दूधवाल्याच्याही आधी.
तेरा वर्षं चार तारखेची झोप मला माहीत नाही.

आणि दस्त.
तो मी एकदाच पाहिला, सही करताना,
मग गेला अहमदाबादच्या कुठल्याशा तिजोरीत.
मांजलपूरच्या या टेनामेंटचं
दार आमचं, हिंगाची फोडणी आमची,
विश्वामित्री तिसऱ्या पायरीपर्यंत चढली
तेव्हा बँकेचं घर म्हणून थबकली नाही;
चिखल मी उपसला, एकवीस घमेली,
मोजली होती.
कागद मात्र त्यांच्याकडे.

बँकेत जागृतीबेन म्हणाल्या,
उतावळ शी छे, बेन? चालू राखो ने.
कर्ज घ्यायला आलो होतो तेव्हा थंडा पाजला होता,
फेडायला आलो तर
नुसता पंखा आमच्याकडे वळवला.
श्रीरंगने माझ्याकडे बघितलं, म्हणजे झालं ना तुझं समाधान.
चेक न लिहिताच परत आलो.

रात्री झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.
अंधारात तो बसलेला, उद्याची दाढीही करून.
नोकरी सुटून दोन महिने झाले तरी
साडेपाचला उठतो, बूट पुसतो,
आणि पुसलेले बूट दाराशी ठेवून पेपर वाचतो.
मी म्हटलं, बारा टक्क्यांचं खरं सांग.
बराच वेळ कडीच बोलली.
मग तो म्हणाला,
एवढी वर्षं दर महिन्याला
मी कुणाचं तरी काहीतरी देणं लागत होतो.
उद्या सगळं फेडलं,
तर मी कुणाचा काय लागतो?

यावर माझ्या पावतीपुस्तकात पान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले,
त्याच्या सहीचा चेक घेऊन. दहा लाख.
हप्ता तेवढाच ठेवा, म्हटलं.
जागृतीबेननी यंत्रावर बोटं चालवली, म्हणाल्या, आठ राहिले.
हे कुठल्याच गणितात बसत नाही,
नफा पुरता नाही, सुटका पुरती नाही,
आणि माझ्या भावाने फोनवर आम्हा दोघांनाही
मूर्ख ठरवलं.

पाच तारखेला सहा वाजता फोन थरथरला.
मी झोपेतच होते, हे मला नंतर कळलं.
बूट दाराशी नव्हते.
वाघोडियाच्या एका वर्कशॉपमध्ये
ट्रान्सफॉर्मर तपासायला माणूस हवाय,
आठवड्यातून तीन दिवस,
पगार विचारू नये असा.

आठ महिन्यांनंतर काय, ते वहीत मांडलेलं नाही.
कपाटात शालीखालचा कप्पा तेवढा
मी रिकामा करून ठेवलाय,
दस्ताच्या मापाचा.