सी-फॉर्म

परदेशी माणूस घरी उतरला
की चोवीस तासांच्या आत भरायचा असतो म्हणे हा फॉर्म.
शेजारच्या निखाडेंच्या पोराने मोबाईलवर उघडून दिला,
आणि पहिल्याच रकान्यात अडलो आम्ही तिघंही:
पूर्ण नाव.

चिमवेम्वे फिरी.
तिने दोनदा म्हणून दाखवलं, तिसऱ्यांदा हसली.
"मावशी, चिमी म्हना ना," पोरगा म्हणाला,
आणि मलावी नावाच्या देशातून
तीन विमानं बदलून आलेली ती
अजनीच्या आमच्या गल्लीत एका मिनिटात
चिमी झाली.
फॉर्मवर मात्र मी सगळं लिहायला लावलं.
एकेक अक्षर.

येण्याचं कारण: शिक्षण, फार्मसी.
मुक्कामाचा पत्ता: माझा.
किती दिवस: चार वर्षं.
मी तेव्हा त्र्याहत्तरची असेन.

पहिला दिवस ती झोपली. नुसती झोपली.
दुसऱ्या दिवशी गच्चीत टाकीजवळ उभी राहून
ऑक्टोबरचं ऊन हातावर घेऊन पाहत होती,
दुकानात कापड पाहतात तसं.
तिसऱ्या दिवशी दूध आणायला गेली
आणि दुधाशिवाय परत आली.
काय झालं, सांगितलं नाही.
दुकानापुढची पोरं मला ठाऊक आहेत.
मी चपला घातल्या, तिला सोबत घेतलं,
दूध घेतलं, आणि त्या पोरांच्या पुढ्यात उभी राहून
सुट्टे पैसे फार सावकाश मोजले.

रात्री समोरच्या बाई फाटकाशी आल्या.
"काऊन ठेवली जी? तुमचं बी वय झालं.
कोन, कुठची, काय खाते..."
काय खाते ते मलाही कळलं नव्हतं अजून.
वरणात चमचा फिरवत बसायची.

बाईंना मी काही बोलले नाही.
पण चौऱ्याहत्तर साली पवनीहून
मी नर्सिंगला आले पत्र्याची पेटी घेऊन,
तेव्हा महालात तीन घरांनी आधी आडनाव विचारलं
आणि मग, खोली आत्ताच गेली, म्हणून सांगितलं.
चौथ्या घरी मीच आडनाव आधी सांगून टाकलं.
म्हातारा पंचा वाळत घालत होता.
मागे न वळता म्हणाला,
नळ पाचला येतो. उठशील का?

साडेदहाला चिमीच्या आईचा फोन येतो.
तिकडे सात वाजलेले असतात,
मी हिशेब करून ठेवलाय.
भाषा कळत नाही. पण
"हो, जेवले" हे खोटं बोलताना
आवाज कुठल्याही भाषेत
तेवढाच वर जात असावा.

रविवारी मी ज्वारी निवडत बसले होते.
ती मागून आली, थांबली,
परातीत मनगटापर्यंत हात घातला.
"मापिरा," म्हणाली.
"ज्वारी," मी म्हटलं.
"मापिरा!"
बरं बाई, मापिरा.

मग स्वयंपाकघर माझं राहिलं नाही.
डब्यातलं पीठ तिने हुंगून पाहिलं,
पाणी उकळलं, पीठ मुठीमुठीने सोडलं,
आणि लाकडी चमचा मोडेल अशी घोटत राहिली,
काहीतरी गुणगुणत, माझ्याकडे पाठ करून.
ताटात तो पांढुरका गोळा,
बाजूला माझी अंबाडीची भाजी.
बोटांनी लहानसा गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा,
खळग्यात भाजी.
माझी बोटं भाजली. ती हसली,
आणि फुंकर कशी घालायची तेही शिकवलं मला,
सदतीस वर्षं मेयोत जळलेली माणसं पाहिलेल्या बाईला.

त्या रात्री फोनवर
तिचा आवाज वर गेला नाही.

नळ पाचला येतो
हे अजून सांगितलेलं नाही तिला.
हा आठवडा झोपू दे.
बादली सरकवताना आवाज होतो,
म्हणून खाली गोणपाट घातलंय.