खुडूक

अंडी पोस्टाने आली. बारा.
ऑर्कनीहून लेम्स्टरला. लिहायचं लिओमिन्स्टर, म्हणायचं लेम्स्टर,
मधली अक्षरं गिळायला शिकलो त्यात तीन वर्षं गेली.
खोक्यावर लाल शाईत: नाजूक, आदळू नये.
खोक्याचा एक कोपरा बसलेला.
पोस्टमनने विचारलं, काय आहे आत?
मी म्हणालो, कोंबड्या.
त्याने खोकं कानाला लावलं.

चिंचोक्याचा रंग, तसाच तकतकीत.
निमुळतं टोक खाली करून एक दिवस नुसती ठेवायची,
प्रवासाचा शीण उतरेस्तोवर.
कुमुद म्हणाली, आपल्याला ठेवलं होतं का कुणी असं?
रविवारी हीथ्रोला उतरलो, सोमवारी सहाला तुम्ही कामावर.

जन्मभर फ्रीज दुरुस्त केले मी.
खाटकांचे, पबचे, एकदा शवागारातलासुद्धा.
गार व्हायला हवं ते सगळं गार केलं.
रिटायर झाल्यावर त्यातलाच एक उलटा चालवला:
भोकं पाडून पंखा, आत बल्ब, पाण्याची बशी,
थर्मोस्टॅट सदतीस पूर्णांक पाचवर.
दार उघडलं की अजून चीजचा वास येतो. येऊ दे.

सहा अंडी त्यात, पांढऱ्या खडूने 'फ' काढून.
सहा मिसेस प्रॉबर्टच्या मॉडखाली.

मॉड म्हणजे मूठभर बँटम, राखाडी.
खुडूक झाली की कोळशाच्या बादलीत रवणाला बसते
आणि जवळ गेलं की फुगून परातीएवढी होते.
आठवडाभर गोल्फचा चेंडू उबवत होती.
तिला फरक कळत नाही म्हणतात.
कळत असेल, मनावर घेत नसेल.

सातव्या दिवशी जिन्याखालच्या कपाटात टॉर्च लावून पाहिलं.
काहींत कोळ्याच्या पायांसारख्या शिरा.
दोनांत नुसता कोरा चहा.
एकात हवेची पोकळी सुटलेली,
गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे पळणारी.
तो बसलेला कोपरा इथे भेटला.
माझी उरली तीन, मॉडची चार.

चौदाव्या रात्री वीज गेली.
दार बंद ठेवलं तर फ्रीज किती तास तग धरतो
ते मी झोपेत सांगेन.
पण ते गारव्याचं गणित. उबेचं मला कुणी शिकवलं नाही.
तीन वाजता कुमुदच्या लोकरी टोपीत तीन अंडी,
पायजम्यावर रबरी बूट,
कुंपणावरून पाय टाकताना वाटलं, कुणी पाहिलं तर
काय सांगणार, आणि कुठल्या भाषेत.

मॉडने मनगट फोडलं. रक्त आलं.
मग चोचीची हनुवटी करून
एकेक अंडं स्वतःच आत ओढलं,
थोडी उठली, थोडी पसरली,
आणि माझ्याकडे अशी पाहिलं की आता जा.
साडेपाचला वीज आली.
फ्रीज रिकामाच तापत राहिला,
मी बटण बंद केलं नाही लगेच.

एकविसाव्या दिवशी टिचलं पहिलं.
बारांतली तीन निघाली. मिसेस प्रॉबर्ट म्हणाल्या,
पोस्टाने आलेल्यांत तीन म्हणजे उत्तम.
बादलीतल्या एका टरफलावर
अर्धा 'फ' होता, माझ्या हातचा.

त्यातूनच निघाला तो कोंबडा झाला असं मी म्हणतो. पुरावा नाही.
पहाटे चारला आरवतो.
रात्रपाळीहून येणारा शेजारी चिठ्ठी टाकून गेला, अतिशय सभ्य.
म्हणून रोज रात्री त्याला फ्रीजमध्ये घालतो,
तार केव्हाच काढली, भोकांतून हवा खेळते.
कोंबडं झाकलं म्हणून, कुमुद सुरू करते
आणि पुढचं मला म्हणू देत नाही.

साडेसातला दार उघडतो.
तो बाहेर येतो, पिसांतला चीजचा वास झटकतो,
आणि उजाडून दोन तास झालेल्या लेम्स्टरला
उजाडल्याचं सांगतो.